९० च्या वर सीट आणि गिअर लिव्हर थरथरतात: टायर, सेंटर बेअरिंग की शाफ्ट?

पाथर्डी_फाटा:

मंडळी, गाडी सात आसनी डिझेल एसयूव्ही आहे. चासीवर बॉडी, मागच्या चाकांना ड्राइव्ह, पाच गिअर. गिअरबॉक्सची ताकद मागच्या अॅक्सलला नेणारा प्रॉपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा, मध्ये त्याला आधार देणारे सेंटर बेअरिंग. टायर २३५/६५ आर १७, निम्मे झिजलेले. रनिंग १ लाख १८ हजार.

८५ पर्यंत गाडी एकदम शांत. ८५ ओलांडले की सीटखालून बारीक थरथर सुरू होते. ९०-९५ ला आतल्या आरशात मागची गाडी धूसर दिसते आणि गिअरची मूठ झिणझिणते. स्टिअरिंग मात्र स्थिर. ब्रेक मारल्याने काही फरक नाही. विल्होळी ते वाडीवऱ्हे सरळ पट्ट्यात हे सगळ्यात स्पष्ट जाणवते. शहरात काहीच नाही.

पावसाळ्याआधी दोन कामे लागोपाठ झाली. रिव्हर्स टाकताना टक्क वाजायचे म्हणून शाफ्टचा मागचा क्रॉस (कोनातही ताकद पोचवणारा चार टोकांचा सांधा) बदलला आणि खालून अँटिरस्ट कोटिंग मारून घेतले. थरथर त्यानंतरची. टायरवाल्याने बॅलन्सिंग-अलाइनमेंट पुन्हा करून दिले, आता म्हणतो चारही टायर टाका. गॅरेजवाला म्हणतो सेंटर बेअरिंग गेले. दोघांपैकी कुणालाही पैसे मोजण्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल?

सातपूर_ब्लॉक:

आधी आकडे काढा, मग पाना हातात घ्या. प्रत्येक फिरणारा भाग स्वतःच्या वेगाने हादरतो, त्यामुळे कंपनाची गती कळली की अर्धे संशयित तिथेच बाद होतात.

तुमच्या टायरचा व्यास कागदावर ७३७ मिमी. वजनाखाली तो थोडा दबतो, म्हणून एका फेरीत गाडी साधारण २.२५ मीटर जाते असे धरा. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर. भागाकार केला की चाक सेकंदाला ११ फेऱ्या मारते. क्राउन-पिनियनचे, म्हणजे मागच्या अॅक्सलमधल्या गिअरच्या जोडीचे, प्रमाण ४.१ असेल तर शाफ्ट ४५ फेऱ्या मारतो, म्हणजे मिनिटाला २,७०० च्या वर. प्रमाण पुस्तिकेत मिळेल. नसेल तर मागची दोन्ही चाके उचला, न्यूट्रलमध्ये दोन्ही एकदम एक फेरी फिरवा आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजा. एकच चाक फिरवले आणि दुसरे स्थिर राहिले तर शाफ्ट निम्माच फिरतो, तिथे फसू नका.

११ ची थरथर डोळ्यांना दिसते: स्टिअरिंग डावे-उजवे हलते, सीट डुलते. ४५ ची थरथर दिसत नाही, जाणवते: तळपायाला मुंग्या, आरसा धूसर, कानाला घुमल्यासारखे. तुमचे वर्णन दुसऱ्या प्रकारात बसते. पण वर्णनावर निकाल देऊ नये.

रस्त्यावरची चाचणी अशी. टायरची हवा दाराच्या पट्टीवर लिहिलेली भरा, दहा-पंधरा किलोमीटर चालवून टायर गरम करा. गाडी बरेच दिवस उभी असेल तर टायरला खालून सपाट बसण येते, ती इतक्या अंतरात जाते. पहाटे, रिकामा सरळ रस्ता बघून पाचव्या गिअरमध्ये ९० ला स्थिर चालवा. वेग जीपीएसवर बघा, स्पीडोमीटर थोडा जास्तच दाखवतो. मग क्लच दाबून न्यूट्रल करा आणि गाडी आपोआप मंदावू द्या. इंजिन चालूच ठेवायचे, नाहीतर ब्रेक बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग जाईल. हा प्रकार कसारा घाटात किंवा कुठल्याही उतारावर करायचा नाही.

न्यूट्रलमध्येही थरथर तशीच राहिली तर इंजिन, क्लच, इंजिनाचे फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसते ते रबरी माउंटिंग) हे सगळे संशयातून सुटले. चाक, शाफ्ट आणि डिफ्रन्शियल उरले. चौथ्या गिअरवरून मात्र निवाडा करू नका. बहुतेक अशा गिअरबॉक्समध्ये चौथा थेट असतो, इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात आणि दोघांची थरथर एकमेकांत मिसळते.

सिमेंटच्या रस्त्यावर चाचणी घेऊ नका. समृद्धीसारख्या रस्त्यावर साडेचार मीटरच्या पॅनेलचे सांधे ९० ला सेकंदाला पाच-सहा ठोके देतात, त्यात गाडीचे काय आणि रस्त्याचे काय ते कळत नाही. डांबरी पट्टा शोधा.

मोबाइलमध्ये फायफॉक्स नावाचे फुकट अॅप आहे, त्यात त्वरणाचा स्पेक्ट्रम दिसतो, म्हणजे सेकंदाला किती वेळाची थरथर किती जोराची याचा आलेख. फोन सीटच्या लोखंडी रुळाला घट्ट चिकटवा, गादीवर ठेवू नका. सोबत कुणीतरी बसलेले हवे, चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचे नाही.

टायर_तपासा_आधी:

अलाइनमेंटने थरथर जात नाही हो. अलाइनमेंट चुकले तर गाडी ओढते आणि टायर एका कडेने खातो, पण हादरा देत नाही. हे दोन्ही एकाच पावतीवर येतात म्हणून लोकांचा गोंधळ होतो.

चार टायरांचा खर्च करण्याआधी पुढची चाके मागे आणि मागची पुढे करा. थरथर सीटवरून स्टिअरिंगमध्ये आली तर चाकच दोषी. जागा आणि जोर दोन्ही तसेच राहिले तर टायरवाल्याला नमस्कार करा. चाके काढलीच आहेत तर रिमची आतली बाजू बघा. शेतरस्त्यावरून आलेल्या गाडीत तिथे काळी माती वाळून दगड झालेली असते, तिचे पन्नास ग्रॅम म्हणजे चांगलेच बॅलन्स बिघडले. प्रेशर वॉशिंगमध्ये चिकटवायची वजने उडालीत का तेही बघा, गोंदाचा चौकोनी डाग राहिलेला असतो.

बॅलन्सिंग मशीन खरे सांगतेय का हे तपासायची सोपी युक्ती: मशीनने शून्य दाखवले की चाक सैल करून मशीनच्या त्याच दांड्यावर अर्धी फेरी फिरवून पुन्हा कसायला सांगा. आता १५-२० ग्रॅम दाखवले तर चाक मशीनवर मध्यभागी बसलेच नव्हते, म्हणजे आधीचे शून्यही खोटे. चाक मध्यभागी धरणारा मशीनचा शंकू झिजलेला असतो किंवा चुकीच्या बाजूने लावलेला असतो.

बॅलन्स बरोबर असूनही टायर अंडाकृती असू शकतो. चाक जॅकवर घेऊन टायरजवळ वीट ठेवा, विटेवर खडू धरून फिरवा. फट दीड मिलिमीटरहून जास्त कमी-जास्त होत असेल तर तो टायर मागे टाकून उपयोग नाही, काढलाच पाहिजे. पट्ट्यावर कुठे फुगीर गाठ दिसली तर आतला पोलादी पट्टा सुटतोय. त्यावर हायवेला जाऊच नका.

चाक परत लावताना हबचा गंज तारेच्या ब्रशने काढा, नट आडवे-तिडवे कसा आणि शेवटचा पीळ टॉर्क पान्याने द्या. न्यूमॅटिक गनने एकेक नट ओळीने मारला की चाक तिरके बसते.

पाथर्डी_फाटा:

सगळे करून बघितले. चाकांची अदलाबदल केली, फरक शून्य. जागा तीच, जोर तोच. न्यूट्रलमध्ये थरथर तशीच, किंचितही कमी नाही. एक्सिलरेटर दाबला-सोडला तरी बदल नाही. क्राउनचे प्रमाण पुस्तिकेत ४.१ च आहे.

अॅपमध्ये जीपीएसच्या ९० ला मोठा सुळका ४५ च्या आसपास. पण एक छोटा सुळका ९ वर पण आहे. मग चाकही थोडे खराब आहे असे समजायचे का?

सातपूर_ब्लॉक:

नाही. चाकाचा सुळका ११ वर यायला हवा, ९ वर नाही. तुमचा फोन सेकंदाला किती वेळा मोजतो ते अॅपमध्ये बघा. १०० असेल तर त्याला ५० च्या वरचे खरे दिसतच नाही. ९१ चे कंपन १०० मधून वजा होऊन ९ वर उमटते. आणि ९१ म्हणजे शाफ्टच्या दुप्पट, क्रॉसचा नेहमीचा आकडा. खात्री करायची तर वेग थोडा वाढवा: चाकाचा सुळका वेगाबरोबर वर सरकतो, हा खोटा सुळका उलटा खाली सरकेल.

एकूण हिशेब शाफ्टकडेच जातो. पुढचे क्रॉस_आणि_कप सांगतील, त्यांचा रोजचा विषय आहे.

क्रॉस_आणि_कप:

शाफ्टचे दोन आजार वेगळे ओळखा.

कोनाचा किंवा फेजचा (दोन टोकांचे क्रॉस एकमेकांशी न जुळण्याचा) दोष असेल तर कंपन शाफ्टच्या दुप्पट गतीने येते. कोनात फिरणारा क्रॉस एका फेरीत दोनदा पुढे धावतो, दोनदा मागे पडतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात आणि त्याच फेजमध्ये असेल तर ते खोडून काढतो. खोडले गेले नाही तर घूं आवाज येतो, आणि तो एक्सिलरेटरवर दाब द्याल तसा बदलतो. पहिल्या गिअरमध्ये उठतानाही गाडी थरथरते.

बॅलन्सचा किंवा वाकडेपणाचा दोष असेल तर कंपन शाफ्टच्या एकपट गतीने येते, वेगाच्या वर्गाने वाढते आणि एक्सिलरेटरला जुमानत नाही. ६० ला जे बल आहे ते ९० ला सव्वादोन पट. तुमच्याकडे ४५ चा मोठा सुळका आणि न्यूट्रलमध्ये बदल नाही, म्हणजे हा दुसरा आजार. ९१ चा छोटा सुळका थोडाफार प्रत्येक गाडीत असतो, तो आत्ता सोडा.

आता मूळ प्रश्न: कोटिंग आणि क्रॉस, दोघांपैकी कोण? माझा पहिला संशय कोटिंगवर. कोटिंग मारणाऱ्याने सायलेन्सर झाकला असेल, शाफ्ट झाकायचे बहुतेक जण विसरतात. गाडी लिफ्टवर उभी, शाफ्ट स्थिर, सगळा माल खालच्या बाजूला ओघळून तिथेच सुकतो. तीन इंची पाइपवर एका बाजूला २० ग्रॅम माल जास्त असेल तर ९० च्या वेगाला तो सहा किलोच्या बलाने ओढतो, सेकंदाला ४५ वेळा दिशा बदलत. तेच २० ग्रॅम चाकाच्या रिमवर असते तर बल दोन किलोच्या आसपास आले असते. टायरवाला पाच-पाच ग्रॅमसाठी झगडतो आणि शाफ्टवर ओंजळभर डांबर कुणी बघत नाही!

गाडी खड्ड्यावर घ्या, चाकांना उटी लावा. शाफ्टच्या पूर्ण लांबीवर हात फिरवा. ओघळ असेल तर बोटाला कळतो. लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, राहिलेले रॉकेलच्या फडक्याने पुसा. ग्राइंडर नको, छिन्नी तर नकोच. पाइपच्या टोकांजवळ वेल्ड केलेल्या छोट्या चपट्या पट्ट्या दिसतील, ती कारखान्यातली बॅलन्सची वजने आहेत, त्यांना धक्का लावू नका. एखादी उडाली असेल तर वेल्डचे दोन चमकते ठिपके राहिलेले दिसतात. ते दिसले तर सरळ शाफ्ट उतरवून बॅलन्सिंगलाच न्या.

मग मागचा क्रॉस. क्रॉसच्या टोकावरचा नवीन कप दाबताना आतल्या सुई-बेअरिंगची एखादी सुई आडवी पडते. कप तळाला बसत नाही, मेकॅनिक सर्क्लिप (कप जागी धरणारी स्प्रिंगची कडी) ठोकून बसवतो आणि शाफ्ट मध्यापासून किंचित सरकून फिरू लागतो. तपासणी सोपी: चारही सर्क्लिप खाचेत पूर्ण बसल्यात का, योकच्या (क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्याच्या) कडेपासून समोरासमोरचे दोन कप सारखेच आत आहेत का, हे कॅलिपरने मोजा. शाफ्टचे ते टोक सुटे करून क्रॉस हाताने चारी दिशांना हलवा. एका दिशेला अडकतो आणि दुसरीकडे मोकळा, तर सुई पडलेली. नवा क्रॉस थोडा घट्ट असतो, पण सगळीकडे सारखा घट्ट असायला हवा. ग्रीसचा निपल असेल तर चारही सीलमधून ताजे ग्रीस डोकावेपर्यंत भरा. तीनच बाजूंनी आले आणि चौथी कोरडी राहिली तर तो कप काढून बघा.

खोलण्याआधी पांढऱ्या रंगाने खुणा: फ्लँज (बोल्टने जोडायची चकती) ते फ्लँज, आणि दोन तुकडे जिथे स्प्लाइनवर, म्हणजे एकमेकांत सरकणाऱ्या दात्यांवर, जुळतात तिथे. मागच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत. स्प्लाइन एक दाता जरी चुकली तरी फेज गेली. तुमच्या गाडीत कुणी खूण केली होती असे वाटत नाही, म्हणून तेही डोळ्यांनी बघा.

सेंटर बेअरिंग शेवटी. रबर फाटले असेल तर शाफ्ट हाताने वर-खाली ढकलला की स्पष्ट झोळ दिसतो, बेअरिंग फिरवताना खरखर लागते. दोन्ही नसेल तर बदलू नका. बदललेच तर ब्रॅकेटखालचे वॉशर-शिम जसेच्या तसे परत टाका. ते विसरले की दोन्ही तुकड्यांमधला कोन बदलतो आणि नवीनच थरथर विकत घेतली जाते.

कोन मोजायची वेळ आली तर गाडी चाकांवर उभी हवी, दोन खांबी लिफ्टवर लोंबकळत्या चाकांनी घेतलेले माप कचऱ्यात टाका. पुढच्या आणि मागच्या सांध्याचे कोन तीन अंशांच्या आत आणि एकमेकांपासून एक अंशाच्या आत असावेत. उंची वाढवायला स्प्रिंगखाली स्पेसर टाकणाऱ्यांचे दुखणे बहुधा इथेच असते.

पाथर्डी_फाटा:

कोटिंगच निघाले. मागच्या तुकड्यावर जवळजवळ हातभर लांब जाड ओघळ होता, एकाच बाजूला. खरवडून साफ केले. ९० ला आता आरसा स्वच्छ दिसतो. सर्क्लिप चारही नीट, कप सारखे, क्रॉस मोकळा, योक एका रेषेत, सेंटर बेअरिंगला झोळ नाही. पण १०० च्या वर अजून हलकी थरथर आहे, अॅपमध्ये शाफ्टच्याच गतीला. हे उरलेले कसे काढायचे?

क्रॉस_आणि_कप:

आधी फुकटचा उपाय. मागच्या फ्लँजचे चार बोल्ट काढून शाफ्ट अर्धी फेरी फिरवून लावा. पिनियनचा फ्लँज आणि शाफ्ट दोघांचाही थोडा वाकडेपणा असतो. तो एकाच दिशेला जमला असेल तर फिरवल्यावर एकमेकांना खातो. वाढले तर परत जुन्या खुणेवर. फ्लँजच्या तोंडावरचा रंग आणि गंज पुसूनच लावा, नायलॉनचे नट नवीन घ्या, टॉर्क पुस्तिकेतला.

त्याने गेले नाही तर डायल गेज लावा. चुंबकी स्टँड चासीला, टोक पाइपवर, वेल्डपासून तीन इंच सोडून. पुढे, मध्ये, मागे अशा तीन जागा, शाफ्ट हाताने फिरवायचा. अर्धा-पाऊण मिलिमीटरच्या वर गेले तर पाइप वाकला आहे. दगड लागलेला पोचा सहसा दिसतोच.

सरळ निघाला तर होज क्लिपची पद्धत. पाइपच्या मागच्या टोकाजवळ घेरावर खडूने १, २, ३, ४ अशा चार समान खुणा करा. एक क्लिप घट्ट बसवा, तिच्या स्क्रूचे डोके खूण १ वर. १०० ला चालवून बघा. मग डोके २ वर, ३ वर, ४ वर. जिथे थरथर सगळ्यात कमी, हलकी बाजू तीच. एका क्लिपने पुरेसे नसेल तर दुसरी क्लिप शेजारी, दोन्ही डोकी त्याच खुणेवर. जास्त झाले तर दोन्ही डोकी खुणेच्या दोन बाजूंना सारखी लांब सरकवा: त्यांच्यात १२० अंश अंतर झाले की परिणाम एका क्लिपएवढा, समोरासमोर आली की शून्य. क्लिप सायलेन्सरला, हँडब्रेकच्या केबलला किंवा फ्लोअरला घासत नाही ना, हे शाफ्ट हाताने पूर्ण फिरवून बघा. आणि हे सगळे रस्त्यावर. स्टँडवर गाडी गिअरमध्ये चालवून खाली कुणीही वाकायचे नाही.

क्लिप हा तपास आहे, तात्पुरता इलाज आहे. जागा कळली की शाफ्ट बॅलन्सिंगच्या मशीनवर न्या. अंबड-सातपूरच्या पट्ट्यात आणि आडगावकडे ट्रकचे शाफ्ट करणाऱ्यांकडे विचारा. देताना दोन्ही तुकडे जोडलेले, सेंटर बेअरिंगसकट, दोन्ही फ्लँजसकट द्या. नुसता मागचा पाइप दिला तर काहीच साध्य होत नाही. रस्त्यावरच्या वेगापर्यंत फिरवून दोन्ही टोकांना बॅलन्स करा असे स्पष्ट सांगा, आणि परत आल्यावर स्प्लाइन सुटी करू नका.

मखमलाबाद_नाका:

मध्येच विचारतो. माझी पुढच्या चाकांची हॅचबॅक आहे, प्रॉपेलर शाफ्टच नाही. ७० ते ९० मध्ये चढावर एक्सिलरेटर दाबला की गाडी डावी-उजवी थरथरते, पाय उचलला की त्या क्षणी बंद. टायर बॅलन्स झालेत. वरचेच लागू का?

क्रॉस_आणि_कप:

नाही, तुमचे वेगळे. पुढच्या ड्राइव्हच्या गाडीत अॅक्सल चाकाच्याच गतीने फिरतो, सेकंदाला दहा-तेरा फेऱ्या, त्यामुळे त्याचे बॅलन्स फारसे त्रास देत नाही. दाबला की चालू, सोडला की बंद, हे आतल्या सीव्ही जॉइंटचे (अॅक्सलच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाच्या सांध्याचे) लक्षण आहे. त्यातल्या तीन रोलरनी घराच्या खोबणीत खड्डे पाडलेले असतात. ताण आला की रोलर त्या खड्ड्यात अडकतात. बाहेरचा जॉइंट गेला असता तर पूर्ण वळणावर कटकट वाजले असते.

जॉइंट मागवण्याआधी इंजिनाचे फाउंडेशन बघा. ते बसले की इंजिन खाली येते, आतल्या जॉइंटचा कोन वाढतो आणि चांगला जॉइंटही थरथरतो. बोनेट उघडून हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडा, मग रिव्हर्समध्ये तेच. कुणाला तरी बाजूला उभे करून इंजिन किती उचलते ते बघायला सांगा, गाडीच्या समोर कुणी नको. उडी मारल्यासारखे हलले तर आधी फाउंडेशन बदला, मग पुन्हा चालवून बघा. तरीही राहिले तर आतल्या जॉइंटचा गेटर (रबरी बूट) काढा, जुने ग्रीस पूर्ण धुवा आणि खोबणीत नख फिरवा. नख अडले तर घर आणि रोलर दोन्ही बदलायचे, नुसते नवीन ग्रीस भरून चालत नाही. जोडताना जॉइंटसोबत येणाऱ्या पुडीतलेच ग्रीस पूर्ण वापरा, साधे चेसिस ग्रीस नको. गेटरची पट्टी आवळण्याआधी कडा एकदा उचलून आत कोंडलेली हवा सोडा.